थोर गणिती भास्कराचार्य



या महिन्याच्या भित्तिपत्रकात थोरांच्या चरित्राचे पान माझ्याकडे आले आहे. मी सातवीत शिकते. आमच्या वर्गात छेदणाऱ्या रेषा आणि लंब रेषा यांची उजळणी चालू होती. खरे सांगते, मला ते लई सोपे वाटत होते. एक काडी उभी, एक आडवी, झाला लंब! मग बाईंनी फळ्यावर दोन तिरप्या रेषा काढल्या. त्यांच्यात चांगला काटकोन होता, तरी त्या लंब नाहीत असे मी ठासून सांगितले, कारण त्यातली एकही उभी नव्हती. सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गुण्या लावून कोन मोजायला लावला आणि भित्तिपत्रकासाठी भास्कराचार्यांचे चरित्र लिहायला सांगितले. आधी वाटले ही शिक्षाच आहे. आता तसे वाटत नाही.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. ही सनावळी कोणी मागाहून अंदाजाने लावलेली नाही. त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात जन्माचे साल लिहून ठेवले आहे. जुन्या काळातले बहुतेक थोर लोक आपल्याबद्दल काहीच लिहीत नसत, म्हणून ही गोष्ट मला विशेष वाटली. त्यांचे गाव विज्जडविड. ते सह्याद्रीच्या आश्रयाला होते, असेही ते सांगतात. ते गाव म्हणजे आजचे कोणते, यावर विद्वानांचे वाद आहेत. पण त्यांच्या घराण्याची पक्की खूण आपल्या महाराष्ट्रात खानदेशात सापडली आहे. आपण हिंगोलीहून जालना, छत्रपती संभाजीनगर करत कन्नडचा घाट उतरलो की चाळीसगाव लागते. त्याच्या जवळ डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे ठिकाण आहे. तिथली खूण काय, ते पुढे सांगते.

घराणे मोठे विद्वानांचे होते. गोत्र शांडिल्य. वडिलांचे नाव महेश्वर. ते ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचे गुरू. म्हणजे शाळा घरातच! त्या काळी ज्योतिष म्हणजे नुसते मुहूर्त काढणे नव्हते. सूर्य, चंद्र, ग्रह आज कुठे आहेत, उद्या कुठे असतील, ग्रहण कधी लागेल, हे सगळे गणिताने काढावे लागे. हिशेब चुकला तर ग्रहण भलत्याच वेळी लागायचे आणि साऱ्या लोकांत फजिती व्हायची. म्हणून भास्कराला लहानपणापासून अचूकपणाची सवय लागली असणार, असे मला वाटते.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग मानतात. लीलावती हे अंकगणित आणि भूमितीचे, दुसरे बीजगणित, तिसरे ग्रहगणित आणि चौथे गोलाध्याय. नुसती रीत सांगून ते थांबले नाहीत. रीत काहून खरी, हे सांगणारी टीकासुद्धा त्यांनी स्वतः लिहिली. मूळ ग्रंथ संस्कृत श्लोकांत आहे, कारण तेव्हा छापखाना नव्हता आणि विद्यार्थ्यांना पाठ करावे लागे.

लीलावतीच्या सुरुवातीला मापांचे कोष्टक आहे. २४ अंगुळांचा एक हात, ४ हातांचा एक दंड, २००० दंडांचा एक कोस. आमच्या आजीला वीत आणि हात ही मापे अजून येतात. दोन विती म्हणजे एक हात, हे मी आजीकडून आणि भास्कराचार्यांकडून एकाच आठवड्यात शिकले.

लीलावती कोण होती? आपल्याकडे एक गोष्ट सांगतात. ती त्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा एकच शुभ मुहूर्त होता. तो कळावा म्हणून पाण्यात घटिकापात्र सोडले. त्याच्या बारीक भोकातून पाणी आत येऊन ते बुडाले की वेळ झाली. मुलगी कौतुकाने डोकावून बघत होती, तेव्हा तिच्या अंगावरचा एक मोती पात्रात पडला, भोक बुजले आणि मुहूर्त टळला. मग वडिलांनी तिचे नाव कायम राहावे म्हणून ग्रंथाला तिचे नाव दिले. गोष्ट डोळ्यात पाणी आणणारी आहे, पण ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात कुठेच नाही. अकबर बादशहाच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती आली. म्हणजे चारशे वर्षांहून जास्त काळाने! ग्रंथात जी लीलावती आहे ती रडत बसलेली नाही. तिला गणित घातले जाते आणि तुला येत असेल तर लवकर सांग, असे विचारले जाते. कधी बाळे म्हणतात, कधी हरिणीसारख्या डोळ्यांची म्हणतात, कधी मित्रा म्हणूनही हाक मारतात.

मी हे पान लिहिताना आईला वाचून दाखवत होते. आई चौथीपर्यंत शिकली आहे. ती भाकरी थापत होती. मुहूर्ताची गोष्ट ऐकून ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले की लीलावतीला मग ती गणितं आली का. मी सांगितले की ग्रंथात उत्तरं वडिलांनीच दिली आहेत, पण ज्याला येणार नाही असे वाटते त्याला कोणी इतकी अवघड गणितं घालत नाही. आईने मान हलवली आणि ती गणितं कशी असतात ते सांग म्हणाली. म्हणून आता तीच सांगते.

एका तळ्यात कमळाची कळी पाण्याच्या वर एक वीत आहे. वारा आला, कळी हळूहळू सरकली आणि २ हातांवर पाण्यात बुडाली. तर पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात. कमळाचा दांडा आधी पाण्याच्या पातळीला लंब उभा होता, मग तिरपा झाला. लांबी तीच, दिशा बदलली. दुसरे गणित बांबूचे. ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकले. तो १२ हातांवर मोडला. खांबावरचा मोर आणि बिळाकडे पळणारा साप यांचेही आहे. अशा काटकोनी त्रिकोणात आडवी बाजू ती भुज, उभी ती कोटी आणि तिरपी तो कर्ण. कर्ण हा शब्द आपण आजही वापरतो, आणि पुढे दहावीच्या पलीकडे गेल्यावर कोटिज्या नावाचा शब्द येतो, त्यातली कोटी तीच, असे बाईंनी सांगितले.

पण मला सगळ्यात जास्त आवडले ते दोन बांबूंचे गणित. सपाट जमिनीवर दोन बांबू सरळ उभे आहेत, एक १५ हात आणि दुसरा १० हात. दोघांमधले अंतर सांगितलेले नाही. मोठ्याच्या शेंड्यापासून लहानाच्या बुंध्यापर्यंत दोरी ताणली. लहानाच्या शेंड्यापासून मोठ्याच्या बुंध्यापर्यंत दुसरी दोरी ताणली. दोन्ही दोऱ्या मध्ये एकमेकींना छेदतात. त्या छेदनबिंदूपासून जमिनीवर लंब टाकला तर तो किती हातांचा?

छेदनबिंदू म्हणजे काय, हे आपल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. कपाशी लावताना शेतात उभ्या आणि आडव्या काकऱ्या पाडतात आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात त्या फुलीवर सरकी टाकतात. ती फुली म्हणजेच छेदनबिंदू. फरक इतकाच की शेतातल्या काकऱ्या एकमेकींना लंब असतात आणि या दोऱ्या बहुतेक वेळा तिरप्या. दोन लंब रेषा एकमेकींना छेदतात, पण छेदणाऱ्या सगळ्याच रेषा लंब नसतात. माझी फळ्यावरची चूक इथेच होती. लंब असायला रेषा उभी असावी लागत नाही, दोघींत काटकोन असावा लागतो. तो कागद कितीही फिरवला तरी हलत नाही.

वर्गात सगळे म्हणाले की अंतर दिलेच नाही, मग गणित सुटणार कसे? मी पण तेच म्हणाले. भास्कराचार्यांची रीत अगदी छोटी आहे. दोन्ही बांबूंच्या उंचीचा गुणाकार करा आणि बेरजेने भागा. १५ गुणिले १० म्हणजे १५०. बेरीज २५. उत्तर ६ हात. अंतराची गरजच नाही! बांबू ५ हातांवर असोत की २० हातांवर, दोऱ्यांची फुली ६ हातांवरच पडते.

आमचा विश्वास बसेना, म्हणून आम्ही मैदानात करून बघितले. १५ हाताचा बांबू कुठून आणणार? आम्ही १५० सेंटीमीटर आणि १०० सेंटीमीटरच्या काठ्या घेतल्या. माझे बाबा गवंडीकाम करतात, त्यांचा ओळंबा मागून आणला होता. काठ्या एका मीटरवर रोवल्या आणि मोजले तर ५७ आले. कोणी म्हणाले भास्कराचार्य चुकले. पण दोरीला झोळ पडला होता. ती ताणून धरली, ओळंबा लावून लहान काठी सरळ केली, आणि बरोबर ६० आले. मग दोन मीटरवर, मग तीन मीटरवर. प्रत्येक वेळी ६० च.

असे का होते? फुली जमिनीच्या अंतराचे दोन तुकडे करते. मोठ्या बांबूकडे पाचातले ३ भाग आणि लहान बांबूकडे २ भाग. मोठ्याच्या शेंड्यावरून उतरणाऱ्या दोरीचे फुलीपासून पुढे २ भाग उरलेले असतात, म्हणून तिथे तिची उंची १५ चे पाचातले २ भाग, म्हणजे ६. दुसरी दोरी मोठ्याच्या बुंध्यापासून चढत येते. ती ३ भाग चढलेली असते, म्हणून तिची उंची १० चे पाचातले ३ भाग, तेही ६. अंतर वाढवले तर सगळे भाग सारखेच वाढतात, उंची बदलत नाही. भास्कराचार्यांनी हे त्रैराशिकानेच समजावले आहे, आणि त्रैराशिक तर आपल्यालाही येते.

आता एक गंमत, आणि ही पालकांनी जरूर वाचावी. भास्कराचार्य एके ठिकाणी चक्क चिडले आहेत. चौकोनाच्या फक्त चार बाजू सांगून त्याचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि असल्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे पिशाच! कारण निदान एखादा लंब किंवा कर्ण सांगितल्याशिवाय चौकोनाचा आकारच ठरत नाही. शेताचे चार धुरे मोजले की शेत मोजले, असे मला वाटत होते. पण त्यांचेच उदाहरण बघा. चारही बाजू २५. काटकोनात बसवल्या तर क्षेत्रफळ ६२५. जरा दाबून कर्ण ३० आणि ४० केले तर ६००. आणखी दाबून कर्ण १४ आणि ४८ केले तर ३३६ च. बाजू त्याच, आणि जमीन जवळजवळ निम्मी!

आम्ही चार सारख्या काड्या टोकांना दोऱ्याने बांधून हे करून बघितले. तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. चौकट कितीही दाबा, तिचे दोन कर्ण मध्ये एकमेकांना छेदतात ते काटकोनातच. एक लांब होतो, दुसरा आखूड होतो, पण काटकोन सुटत नाही. त्या दिवसापासून तिरप्या रेषा लंब असू शकतात यावर माझा विश्वास बसला. बाबांना हे दाखवले तर ते म्हणाले की म्हणूनच घराचा पाया आखताना नुसत्या बाजू मोजून भागत नाही, कोपऱ्यात गुण्या धरावा लागतो आणि दोन्ही कर्ण सारखे येतात का तेही बघावे लागते.

गोलाध्यायात त्यांनी पृथ्वी गोल आहे हे समजावले आहे. मग ती सपाट का दिसते? तर मोठ्या वर्तुळाचा अगदी लहानसा भाग सरळच दिसतो आणि आपल्याला पृथ्वीचा फार लहान भाग दिसतो. पुढे ते सांगतात की जो जिथे उभा असतो त्याला आपणच वर आहोत असे वाटते, आणि पृथ्वीच्या पाव घेराइतक्या अंतरावरचे दोघे एकमेकांना आडवे वाटतील. म्हणजे बाबांचा इथला ओळंबा आणि तितक्या दूरच्या गवंड्याचा ओळंबा एकमेकांना लंब! दोघांच्याही भिंती मात्र आपापल्या जागी सरळच. हे मी दोनदा वाचले तेव्हा समजले.

त्याच भागात आकाश मोजायच्या यंत्रांची माहिती आहे. त्यातले एक यंत्र म्हणजे नुसती काठी. काठीच्या रेषेत दूरच्या बांबूचा बुंधा आणि शेंडा बघायचा आणि तेवढ्यावरून त्याची उंची आणि अंतर काढायचे. त्याचे नाव धीयंत्र, म्हणजे बुद्धीचे यंत्र. ज्याच्याजवळ ते आहे त्याला बाकीच्या यंत्रांचे काय काम, असा त्यांचा सूर आहे.

पुढे ११८३ सालच्या गणनेवर आधारलेला करणकुतूहल हा आणखी एक ग्रंथ त्यांनी लिहिला. तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. पंचांगाचे गणित सोपे व्हावे म्हणून तो आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यालाही विद्येत मोठा मान मिळाला. देवगिरीच्या यादवांच्या घराण्यातील राजा जैत्रपाल याने त्याला आपल्या पदरी नेले. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. आपला मुलूखही तेव्हा यादवांच्याच राज्यात होता.

या नातवाने जे केले ते मला फार मोठे वाटते. त्याने आजोबांचा पुतळा केला नाही की त्यांच्या नावाने देऊळ बांधले नाही. त्याने पाटणला मठ काढला, जिथे सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातले इतर ग्रंथ मुलांना शिकवले जावेत. म्हणजे शाळाच की! तिथल्या निकुंभ घराण्यातल्या राजांनी मठाला दान दिले. १२०७ साली हे सगळे शिळेवर कोरून ठेवले. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातला आणि तेलाच्या घाण्यामागचा वाटा मठाला द्यायचा, असे त्यात आहे. तो भाग मराठीत का, ते सहज कळते. दुकानदाराला आणि तेल्याला वाचून दाखवायचा ना! म्हणजे भास्कराचार्यांचे गणित मुलांनी शिकावे म्हणून गावचा तेली आपले तेल देत होता.

काळाच्या ओघात मठ राहिला नाही. शिळा मात्र राहिली. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली त्या लेखाची माहिती प्रसिद्ध केली. त्यात पूर्वजांची सगळी नावे आहेत, त्रिविक्रमापासून महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चांगदेवापर्यंत. पाटणची खूण म्हणतात ती हीच. ग्रंथ तर त्याआधीच दूर गेले होते. फैजीचे फारसी भाषांतर झालेच होते. १८१७ साली कोलब्रूक साहेबाने इंग्रजीत केले. भारताने ७ जून १९७९ रोजी रशियाच्या अग्निबाणातून जो उपग्रह सोडला त्याचे नाव भास्कर. त्यांच्या पाचशे वर्षे आधी आणखी एक भास्कर नावाचे गणिती होऊन गेले, त्यांचीही आठवण त्या नावात आहे.

या पानाच्या खाली बाकावर एक फळी ठेवली आहे. तिच्यावर मातीच्या गोळ्यांत दोन काड्या उभ्या आहेत, एक १५ सेंटीमीटर आणि एक १० सेंटीमीटर. दोन्हींच्या शेंड्याला दोरा बांधला आहे. प्रत्येक दोरा समोरच्या काडीच्या बुंध्याशी नेऊन बोटाने ताणून धरायचा आणि फुलीची उंची पट्टीने मोजायची. पट्टी फळीला लंब धरावी, तिरपी धरू नये. काड्या सरकवता येतात. पालक सभेच्या दिवशी आई येणार आहे, तिने पहिले अंतर आपण ठरवणार असे सांगितले आहे. बाकीच्यांनी नंतर आपापले अंतर ठेवून बघावे आणि आलेले उत्तर शेजारच्या कागदावर लिहावे.